वेन बूथ यांचे तीन ग्रंथ

टीकाकारानें ग्रंथाचा न्याय करावा कीं ग्रंथाची गोडी वाचकास लावून द्यावी, हा वाद जुना आहे, आणि तो मिटण्याचीं कांहीं चिन्हें दिसत नाहींत. या वादांत न पडतां एक निराळाच प्रश्न आयुष्यभर विचारणारे एक टीकाकार अमेरिकेंत होऊन गेले. लेखक वाचकाचें मन आपल्याकडे कोणत्या उपायांनीं वळवितो, आणि तें वळवितांना तो वाचकाशीं प्रामाणिक राहतो कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. आणि वेन बूथ हें त्या टीकाकारांचें नांव. त्यांच्या ग्रंथसंपत्तींतून आम्ही येथें मुख्यतः तीन ग्रंथ विचारासाठीं घेतले आहेत. 'द रेटोरिक ऑफ फिक्शन' (१९६१) हा कादंबरीवरील, 'अ रेटोरिक ऑफ आयरनी' (१९७४) हा उपरोधावरील, व 'द क्राफ्ट ऑफ रिसर्च' (१९९५) हा संशोधनपद्धतीवरील. पहिले दोन पंडितांसाठीं लिहिलेले. तिसरा मुख्यतः महाविद्यालयांतील विद्यार्थ्यासाठीं. विषय परस्परांपासून इतके दूर कीं, ते एकाच लेखणींतून उतरले असतील असें प्रथमदर्शनीं वाटूं नये. परंतु तिन्ही लागोपाठ वाचले असतां त्यांतून एकच सूत्र ओवलेलें आढळतें, आणि तें सूत्र आपल्याकडील सुशिक्षित वाचकानें, व त्याहून अधिक लेखकानें, ध्यानीं धरण्याजोगें आहे असें आम्हांस वाटतें.

बूथ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२१ रोजीं यूटा संस्थानांतील अमेरिकन फोर्क नांवाच्या लहानशा गांवीं, मॉर्मन पंथाच्या एका कुटुंबांत झाला. तरुणपणीं त्यांनीं कांहीं काळ त्या पंथाच्या प्रसाराचें काम केलें. पुढें शिकागो विद्यापीठांतून १९५० सालीं डॉक्टरेट मिळविली. हॅवरफर्ड व अर्लहॅम येथील महाविद्यालयांत अध्यापन करून १९६२ सालीं ते शिकागोस परतले, आणि पुढील सारें कार्य त्यांनीं तेथेंच केलें. १० ऑक्टोबर २००५ रोजीं त्यांचें निधन झालें. चरित्राचा हा तपशील देण्याचें कारण असें कीं, त्यांच्या विचाराचीं मुळें त्यांत दिसतात. जो मनुष्य विशींत असतांना परक्या माणसांना आपली श्रद्धा पटवून देण्याचें काम करतो, आणि पुढें स्वतःच त्या श्रद्धेंतील कित्येक गोष्टींविषयीं साशंक होतो, त्याला 'पटणें' म्हणजे काय हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाहीं. शिकागोस त्यांना रोनाल्ड क्रेन यांच्यासारखे ॲरिस्टॉटलचे अभिमानी गुरु लाभले. एखादी कृति कशी घडविली आहे व ती कोणता परिणाम साधते हें आधीं पाहावें, आणि मत मागाहून द्यावें, अशी त्या संप्रदायाची शिस्त होती.

'रेटोरिक' या शब्दाला मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं, ही आमची पहिलीच अडचण. वक्तृत्व म्हटलें कीं व्यासपीठ व टाळ्या डोळ्यांपुढें येतात. अलंकारशास्त्र म्हटलें कीं उपमा-उत्प्रेक्षांची यादी आठवते. इंग्रजींतहि या शब्दाची प्रतिष्ठा उतरत जाऊन पोकळ शब्दावडंबर एवढाच त्याचा अर्थ सामान्य बोलण्यांत उरला आहे. बूथ यांनीं त्याला त्याची जुनी प्रतिष्ठा परत दिली, इतकेंच नव्हे तर त्याचें क्षेत्र पुष्कळच वाढविलें. एका माणसानें दुसऱ्याच्या मनांत बदल घडवून आणण्यासाठीं शब्दांचा जो जो उपयोग करावा तो सगळा त्यांच्या मतें रेटोरिकच होय. त्यांत वकिलाचा युक्तिवाद येतो, आईनें घातलेली समजूत येते, आणि कादंबरीकारानें नायिकेच्या खिडकीबाहेर पाडलेला पाऊसहि येतो. आम्ही या लेखापुरतें त्याला 'मन वळविण्याची कला' असें साधें नांव देतों.

पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हां इंग्रजी व अमेरिकन टीकेंत एक मत जवळजवळ धर्माज्ञेसारखें रूढ झालें होतें. कादंबरीकारानें प्रसंग दाखवावा, त्यावर स्वतः बोलूं नये, हें तें मत. फ्लोबेर व हेन्री जेम्स यांच्या थोर उदाहरणावरून तें निघालें, पर्सी लबक यांच्या १९२१ सालच्या 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन' या पुस्तकानें तें बळावलें, आणि होतां होतां त्याचा शाळामास्तरी नियम बनला. फील्डिंगसारखा जो लेखक मध्येंच थांबून वाचकाशीं गप्पा मारतो तो अडाणी ठरूं लागला, आणि जो पडद्याआड राहतो तो केवळ तेवढ्यानेंच कलावंत ठरूं लागला. बूथ यांनीं या नियमाला उदाहरणांमागून उदाहरणें देऊन सुरुंग लावला. बायबलांतील ईयोबाच्या कथेचाच आरंभ घ्या. हा मनुष्य सात्त्विक व सरळ होता असें कथाकार पहिल्याच वाक्यांत सांगून टाकतो. प्रत्यक्ष आयुष्यांत शेजारच्या माणसाविषयीं अशी निःसंदिग्ध खात्री आपणांला कोण देतें? तरीहि ती आपण मान्य करतों, आणि मान्य करतों म्हणूनच ईयोबाच्या यातनांना अर्थ येतो. बरें, लेखकानें तोंडानें एक अक्षरहि न बोलण्याचें ठरविलें तरी कोणता प्रसंग घ्यावा, कोणता गाळावा, कोणाच्या मनांत शिरावें आणि कोणाचें दार बंद ठेवावें, हें त्यालाच ठरवावें लागतें. आणि या प्रत्येक निवडींत त्याचें मत उमटतें. पडदा कोणता घ्यावा एवढें लेखकाच्या हातीं असतें. पडद्यामागें कोणी नसावें ही व्यवस्था मात्र त्याला करतां येत नाहीं, असा बूथ यांच्या प्रतिपादनाचा इत्यर्थ आहे.

या ग्रंथांतील जेन ऑस्टिन यांच्या 'एमा' वरील प्रकरण आम्हांस सर्वांत सरस वाटलें. एमा ही श्रीमंत व बुद्धिमान, परंतु गर्विष्ठ मुलगी. इतरांचीं लग्नें जुळविण्याच्या नादांत ती एका भोळ्या मैत्रिणीच्या सुखाशीं खेळते, आणि एका गरीब प्रौढ कुमारिकेचा चारचौघांत अपमान करते. अशी नायिका वाचकाला नकोशी व्हावयास हवी; ती हवीहवीशी कां होते? बूथ यांचें उत्तर असें कीं, बहुतेक कथा आपण एमाच्याच डोळ्यांनीं पाहतों, आणि ज्याच्या मनांत आपला मुक्काम असतो त्याला आपण सहसा टाकून देत नाहीं. जेन फेअरफॅक्स ही त्या कादंबरींतील दुसरी तरुणी कित्येक गुणांत एमाहून श्रेष्ठ आहे. परंतु लेखिका आपणांला तिच्या मनाचा उंबरठा ओलांडूं देत नाहीं. तो ओलांडूं दिला असता तर एमाचें चित्र तत्काळ काळें झालें असतें. उलटपक्षीं एमाच्या चुका आपल्या नजरेंतून सुटूं नयेत म्हणून नाइटली या समंजस गृहस्थाची योजना आहे, आणि स्वतः लेखिकेचा मिस्किल स्वर आहे. माया व न्याय या दोहोंना एकाच वेळीं जागें ठेवण्याचें हें कसब बूथ यांनीं इतक्या बारकाईनें उलगडून दाखविलें आहे कीं, तें वाचून मूळ कादंबरी पुन्हां हातीं घ्यावीशी वाटते. टीकेचें यश याहून निराळें कोणतें असूं शकेल?

याच ग्रंथांतून दोन संज्ञा टीकेच्या नित्य व्यवहारांत आल्या. कृति वाचतांना तिच्यामागें उभ्या असलेल्या मनाची जी प्रतिमा वाचकाच्या ठायीं तयार होते, तिला बूथ 'सूचित लेखक' म्हणतात. हाडामांसाच्या लेखकाहून ती वेगळी असते व पुष्कळदां त्याच्याहून चांगलीहि असते. आणि कथा सांगणाऱ्या पात्राचीं मतें या सूचित लेखकाच्या मतांशीं जुळत नसतील, तर तो 'अविश्वसनीय निवेदक' होय. आमच्या वाचकांना याचीं उदाहरणें परदेशांत शोधण्याचें कारण नाहीं. हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरींत यमू आपली कहाणी सांगते तेव्हां तिच्या शब्दांवर आपण निःशंक विश्वास ठेवतों, आणि तिच्या पाठीशीं उभ्या असलेल्या सूचित लेखकाचा कळवळा नांवांतील प्रश्नापासूनच आपणांला ऐकूं येतो. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव स्वतःच्या फजित्या ज्या गंभीर चेहऱ्यानें सांगतात त्या चेहऱ्यावर मात्र आपण मुळींच विश्वास ठेवीत नाहीं. चिमणरावांच्या डोक्यावरून लेखक आपणांकडे पाहून डोळे मिचकावीत असतो. दोन्ही कथा प्रथमपुरुषी आहेत, एवढेंच सांगून थांबणारी टीका या फरकापर्यंत पोंचूं शकत नाहीं.

मग हा डोळा मिचकावणें वाचकाला कळतें कसें? हा प्रश्न पहिल्या ग्रंथांत अर्धा राहिला होता, आणि त्याचेंच उत्तर तेरा वर्षांनीं उपरोधावरील ग्रंथांत आलें. आपल्या साहित्यशास्त्रांत व्याजस्तुति आहे, परंतु ती एकच तऱ्हा झाली. कुंतकाची वक्रोक्ति इतकी व्यापक आहे कीं तींत सारें काव्यच सामावतें. बूथ यांचा विषय या दोहोंच्या मधला आहे. लेखक एक बोलतो, त्याच्या मनांत दुसरें असतें, आणि तें दुसरें नेमकें कोणतें हें वाचकाला खात्रीनें ओळखतां येतें, असा उपरोध त्यांनीं प्रथम निवडून घेतला व त्याला 'स्थिर' उपरोध असें नांव दिलें.

व्हॉल्तेर यांच्या 'कांदीद' मध्यें एका भीषण लढाईनंतर दोन्ही प्रतिस्पर्धी राजे आपापल्या छावणींत विजयाबद्दल ईश्वराचें स्तोत्र गाववितात. वाचक येथें क्षणभर थबकतो. एकाच लढाईंत दोघेहि जिंकले हें संभवत नाहीं. म्हणजे वाक्याचा सरळ अर्थ टाकून द्यावयास हवा. लेखक चुकला असेल काय? छापणाऱ्यानें घोटाळा केला असेल काय? हे पर्याय तपासून वाचक लेखकाविषयीं एक निर्णय घेतो: इतकी ढोबळ विसंगति या लेखकाच्या नजरेंतून सुटणें शक्य नाहीं. मग त्या लेखकाला शोभेल असा अर्थ तो स्वतःच रचतो, आणि राजांच्या भक्तीची व युद्धाच्या वैभवाची लाज त्याच्या मनांत आपोआप उभी राहते. सरळ अर्थ नाकारणें, पर्याय चाचपणें, लेखकाच्या समजुतींविषयीं निर्णय करणें, व नवा अर्थ बांधणें, अशा या चार पायऱ्या. बूथ यांनीं त्यांना घर बदलण्याची उपमा दिली आहे. लेखकानें दाखविलेलें पहिलें घर राहण्यास अयोग्य आहे हें ओळखून वाचक त्याच्याच निमंत्रणावरून वरच्या, अधिक मोकळ्या जागीं राहावयास जातो. हें सारें निमिषार्धांत घडतें. परंतु तें घडतें हें ध्यानांत आणून देणें हेंच टीकाकाराचें काम होय.

या विवेचनाहूनहि महत्त्वाचा असा त्यांतून निघालेला निष्कर्ष आहे. उपरोध म्हणजे भोळ्यांना बाहेर ठेवून शहाण्यांनीं आपसांत हंसणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अगदींच खोटी नाहीं. परंतु बूथ दाखवितात कीं, उपरोधानें जितके लोक दूर लोटले जातात त्याहून कितीतरी अधिक लोक एकत्र येतात. स्विफ्ट यांनीं १७२९ सालीं आयर्लंडमधील दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांचीं मुलें श्रीमंतांच्या ताटांत वाढावीं अशी 'नम्र सूचना' केली. ती वाचून ज्यांच्या अंगावर शहारे आले त्यांना स्विफ्टनें एकहि सरळ उपदेश केलेला नाहीं. तरी लेखक व वाचक यांच्यामध्यें दयेचें व संतापाचें जें ऐक्य तेथें होतें तें शंभर प्रवचनांनीं झालें नसतें. उपरोध कळला याचा अर्थ दोन मनें एका ठिकाणीं भेटलीं. परस्परांचें मन आपणांला कधींच कळूं शकत नाहीं असें म्हणणाऱ्या आधुनिक निराशावादाला बूथ यांनीं दिलेलें हें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटतें, कारण तें तत्त्वज्ञानाच्या आखाड्यांतून आलेलें नसून प्रत्येक वाचकाच्या रोजच्या अनुभवांतून आलेलें आहे.

त्याच १९७४ सालीं बूथ यांचें 'मॉडर्न डॉग्मा अँड द रेटोरिक ऑफ असेंट' हें लहानसें पुस्तक निघालें. १९६४ ते १९६९ पर्यंत ते शिकागोच्या महाविद्यालयाचे प्रमुख होते, आणि १९६९ च्या आरंभीं तेथील विद्यार्थ्यांनीं कारभाराची इमारत काबीज करून सुमारें दोन आठवडे ठाण मांडलें होतें. दोन्ही बाजूंकडून पत्रकें निघत होतीं, आणि कोणीहि कोणाचें मत बदलूं शकत नव्हता. सुशिक्षितांच्या या वस्तींत असें कां व्हावें? बूथ यांचें निदान असें कीं, जें सिद्ध करतां येत नाहीं तें सर्व संशयास्पद, आणि मूल्यें तर सिद्ध करतां येत नाहींत, ही आधुनिक शिक्षणाची शिकवण दोन्ही बाजूंनीं मुकाट्यानें गिळली होती. मग उरतें काय? एकीकडे कोरडी वस्तुस्थिति आणि दुसरीकडे आरडाओरडा. खुद्द बर्ट्रंड रसेल यांच्यासारखा तर्कशास्त्री मूल्यांना पुरावा नसतो असें म्हणतो, आणि दुसऱ्याच दिवशीं शांततेसाठीं लोकांचीं मनें वळवावयास बाहेर पडतो; हा विरोध बूथ नेमका दाखवितात. त्यांचा स्वतःचा नियम उलट आहे. जें अनेकांना विचारांतीं पटतें तें, संशयास सबळ कारण मिळेपर्यंत, मान्य करून चालावें. संशयालाहि कारण द्यावें लागतें, ही गोष्ट आम्हां महाविद्यालयीन शिक्षकांना कोणी फारशी सांगत नाहीं.

हा नियम ग्रंथांच्या परीक्षणाला लावण्याची वेळ आली तेव्हां काय झालें, तें १९८८ सालच्या 'द कंपनी वुई कीप' या ग्रंथांत दिसतें. शिकागोच्या अध्यापकांत एका तरुण कृष्णवर्णीय प्राध्यापकानें एकदां सांगितलें कीं, मार्क ट्वेन यांची 'हकलबरी फिन' ही कादंबरी आपण यापुढें शिकवूं शकत नाहीं; तींतील गुलामाचें चित्रण व त्यामागील गृहीत गोष्टी आपणांस असह्य होतात. सहकाऱ्यांना हें बोलणें केवळ अरसिकपणाचें वाटलें. बूथ हेहि त्या सहकाऱ्यांपैकींच होते. पुढें पंचवीसेक वर्षांनीं त्यांनीं आपला ग्रंथ त्याच प्रसंगापासून आरंभिला, तो आक्षेप पूर्ण गांभीर्यानें घेतला, कादंबरी नव्यानें वाचली, आणि तिच्यावरील आपलें प्रेम पूर्वीसारखें निःशंक राहिलें नाहीं असें लिहिलें. पुस्तकें म्हणजे मित्र. मित्राची पारख एकट्यानें होत नाहीं, आपलें मत दुसऱ्याच्या मतावर घांसून पाहावें लागतें, असा त्यांचा सिद्धान्त आहे. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, या आपल्याकडील गाजलेल्या वादांत दोन्ही पक्षांनीं आपापल्या कोपऱ्यांतून बाण सोडले. दुसऱ्याच्या अनुभवानें आपलें वाचन बदलूं देण्याची ही तयारी त्या वादांत क्वचितच दिसली.

आतां संशोधनावरील ग्रंथ. ग्रेगरी कोलंब व जोसेफ विल्यम्स या दोघांच्या सहकार्यानें तो लिहिलेला आहे, आणि तिन्ही लेखक दिवंगत झाल्यानंतरहि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. पांचवी २०२४ सालची. टिपणें कशीं काढावीं याचें हें पुस्तक असेल अशा समजुतीनें जो तें उघडील त्याला पहिल्याच प्रकरणांत वाचक भेटेल. संशोधकाला केवळ विषय असून भागत नाहीं. विषयांतून प्रश्न निघाला पाहिजे. आणि त्या प्रश्नाचें उत्तर न मिळाल्यास वाचकाचें काय अडतें हें सांगतां आलें पाहिजे. 'बरें, मग काय?' असें वाचकानें विचारलें असतां जो निरुत्तर होतो त्यानें माहिती जमविली असेल, संशोधन केलें नाहीं. प्रतिपादन, त्याचें कारण, कारणामागील पुरावा, कारणावरून प्रतिपादनाकडे नेणारें सामान्य तत्त्व, आणि विरोधकाच्या आक्षेपांची प्रामाणिक दखल, अशी युक्तिवादाची मांडणी ते सांगतात. प्रतिज्ञा व हेतु ज्यांच्या ओळखीचे आहेत, पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धान्ताकडे न जाणारे शास्त्रकार ज्यांनीं वाचले आहेत, त्यांना यांत आपलीच जुनी शिस्त दिसेल. ती शिस्त आज आपल्या प्रबंधांत किती दिसते? अमुक कवि व त्याचें काव्य, तमुक कादंबरीकार : एक अभ्यास, अशीं नांवें पाहावीं. विषय आहे, पृष्ठें चारपांचशें आहेत. प्रश्न शोधूं गेल्यास सांपडत नाहीं, कारण तो विचारणारा वाचकच लेखकाच्या डोळ्यांपुढें कधीं नव्हता. परीक्षकांवांचून हे प्रबंध कोणी उघडीत नाहीं याचें दुःख आपण करतों. ते कोणासाठीं लिहिले याचा विचार मात्र करीत नाहीं.

बूथ यांच्या विचारांत उणीवा नाहींत असें नाहीं. 'सूचित लेखक' ही कल्पना कधीं लेखकाकडे झुकते, कधीं नुसत्या कृतीकडे. तिच्यावांचून अडत नाहीं असा आक्षेप फ्रेंच टीकाकार जेरार जनेत यांनीं १९८३ सालीं घेतला, आणि त्यांत तथ्य आहे. पहिल्या ग्रंथाच्या शेवटीं सेलीन यांच्यासारख्या लेखकांना त्यांनीं वाचकाला नीतीच्या अंधारांत सोडून दिल्याबद्दल जो दोष दिला, तो देतांना त्यांच्यांतील जुना प्रचारक जागा झालेला दिसतो. कित्येक अंधार वाचकाला स्वतःच पार करूं द्यावे लागतात. पुढें बाख्तिन यांच्या दोस्तोयेव्हस्कीवरील ग्रंथाच्या १९८४ सालच्या इंग्रजी भाषांतराला बूथ यांनीं प्रस्तावना लिहिली. एकाच कादंबरींत अनेक स्वर सारख्याच अधिकारानें नांदूं शकतात या विचारानें आपल्या जुन्या भूमिकेला धक्का बसतो, हें त्यांनीं तेथें मोकळेपणानें मान्य केलें. उपरोधाच्या ग्रंथांतहि बेकेट यांच्यापाशीं येतांच, जेथें प्रत्येक अर्थाखालीं दुसरा खड्डा आहे तेथें, त्यांच्या चार पायऱ्या डळमळूं लागतात. आणि स्थिर उपरोधाला जी समान भूमि लागते ती मुळांतच दुभंगलेल्या समाजांत कोठून आणावी, याचें पुरेसें उत्तर त्यांच्यापाशीं नाहीं. स्विफ्टची सूचना खरी मानणारा वाचक भेटला तर स्विफ्टची सारी कला फुकट जाते.

परंतु या उणीवा त्यांच्या मूळ आग्रहाला बाध आणीत नाहींत. शेवटच्या काळांत, २००४ सालीं, त्यांनीं एक छोटा ग्रंथ लिहून मन वळविण्याच्या कलेचा सर्वोत्तम प्रकार कोणता तें सांगितलें: ज्याचें मन वळवावयाचें त्याचें आधीं ऐकून घेणें. कादंबरीकारानें वाचकाला कोठें उभें राहावें तें कळूं द्यावें, उपरोध करणाऱ्यानें त्याच्या बुद्धीवर भरंवसा ठेवावा, संशोधकानें त्याच्या शंकेला आपल्या पानांत जागा द्यावी, हीं त्या एकाच सूत्राचीं तीन रूपें आहेत. लेखन हा दोन पक्षांचा व्यवहार आहे, आणि दुसरा पक्ष समोर दिसत नाहीं म्हणूनच त्यांत प्रामाणिकपणाची अधिक गरज आहे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांना एकच ग्रंथ घेण्यास सवड असेल त्यांनीं 'द रेटोरिक ऑफ फिक्शन' घ्यावा. तो मोठा आहे व त्यांतील उदाहरणांचा पसारा कधीं कधीं थकवितो, परंतु 'एमा' चें प्रकरण तेवढें आधीं वाचून पाहावें. ज्यांच्या घरांत कोणी प्रबंध लिहीत असेल त्यांनीं तिसरा ग्रंथ त्याच्या मेजावर ठेवावा, आणि महिनाभरानें प्रबंधाचा विषय न विचारतां प्रश्न काय आहे, तो विचारावा.